धावेवरची हाळी

आबा,

तुमची पणती सध्या सांगलीत बाळंतपणाच्या वर्गाला जाते. सगळ्याजणी गादीवर बसून श्वास सोडायला शिकतात, नवरेही शेजारी बसलेले असतात. परवा तिने घरी येऊन मला सगळं करून दाखवलं आणि विचारलं, आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना? मी म्हटलं, होतं की, पण शिकवणारा निवृत्त हवालदार होता आणि वर्गात मी एकटी. ती हसत सुटली. मी मात्र तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून आज लिहायला बसले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सातवा महिना सरता सरता तुम्ही साडी-नारळ घेऊन मला न्यायला सांगलीला आलात, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरात बाईमाणूस नाही, तिथं पहिलं बाळंतपण कसं व्हायचं, त्यापेक्षा मिरजेचा दवाखाना जवळ आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जे त्या बोलल्या नाहीत ते सगळ्यांनाच माहीत होतं. आई आपल्या त्याच घरात, दुसऱ्या बाळंतपणात गेली. मी सात वर्षांची होते आणि तुम्ही सरहद्दीवर. तार मिळून तुम्ही पोहोचलात तोवर तेरावाही उरकला होता. मग पलटणीतून नाव काढून तुम्ही कायमचे घरी आलात आणि भाकरी थापायला शिकलात. त्या दिवशी सासूबाईंसमोर तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत आणि म्हणालात, "आवं विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं. तिला आई न्हाई, पर माहेर हाय." सासूबाई माझी पिशवी भरायला उठल्या. तुमच्याबरोबर निघताना माझी मान ताठ होती खरी, पण आतून मी पुरती घाबरले होते. आपणही आईसारख्याच जाणार, हे मी धरूनच चालले होते. लग्नातला शालू धाकट्या नणंदेला द्या, असं नवऱ्याला सांगूनही ठेवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईंसमोर बसलात. कळा किती वेळ येतात, मध्ये किती थांबतात, असं एकेक विचारून वहीत लिहून घेतलंत. बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या म्हणे. नर्सबाईंनी मला तपासलं, बाळ सरळ आहे, घरी होईल म्हणाल्या, पण कळांवर माझ्याकडं औषध नाही, तयारी पोरीलाच करावी लागेल. अडलंच तर मिरजेला न्यायला साखर कारखान्याची जीप तुम्ही सांगून ठेवलीत. आणि तयारी म्हणाल तर तुम्हाला एकच ठाऊक होती. सकाळी अंगणात मला उभं करायचं, छाती पुढे, पोट आत, दम रोखून धर. आठव्या महिन्यातलं पोट आत घ्यायला सांगणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. अकरा दिवस मी डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत दम रोखला. बाराव्या दिवशी नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. "हवालदार, ती काय परेडला चाललीया व्हय? दम कोंडायचा न्हाई, सोडायचा असतोय. अंग आवळून धरल्यावर पोर भाईर कसं यायचं?" तुम्ही पाय जुळवून, मान खाली घालून ऐकत होतात. तुम्हाला कुणी बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, "चुकलं गं पोरी माझं." तेही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दोन दिवस अंगणातली परेड बंद राहिली. तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मला विहिरीवर घेऊन गेलात. इंजिन बसल्यापासून पाणी उपसायची चामड्याची मोट बंद होती, बैल ज्या उतारावरून मोट ओढत त्या धावेवर गवत माजलं होतं. ते तुम्ही आधीच काढून ठेवलं होतंत. तुम्ही सांगत होतात, भरली मोट ओढत बैल धाव उतरतात तेव्हा मोटकरी पोटातून लांब हाळी देतो. पाणी पडलं की बैल मागं सरतात, तेव्हा दोर सैल आणि बैलही सैल. मागं येताना जो बैलाला सैल सोडत नाही, त्याचे बैल दुपारच्या आत बसतात. "कळ आली की धाव उतर, हाळी दे. गेली की माघारी फिर, समदं अंग सोड. फुडच्या मोटंचा इचार आदीच करायचा न्हाई." आणि स्वतः हाळी देऊन दाखवलीत. मला लाज वाटते. वाटेवरची ऊसतोडीची माणसं थांबून बघतात, म्हातारा आणि पोटुशी पोर रिकाम्या धावेवर खाली-वर करतात, ना बैल, ना मोट. आठ दिवसांनी माझी लाज गेली. महिन्याभरात माझी हाळी बांधाच्या पलीकडे पोहोचायला लागली. नर्सबाईंनी ती ऐकली, गालातल्या गालात हसल्या आणि हेच चालू द्या म्हणाल्या.

पहाटे कळा सुरू होतात. खोलीत नर्सबाई आणि शेजारच्या काकी. पुरुषांनी अशा वेळी पारावर जाऊन बसायचं असतं, पण तुम्ही अंगणातून हलत नाही. सकाळभर मी धाव उतरते, माघारी येते, सगळं शिकवल्यासारखं होतं. मग कारखान्याचा दुपारचा भोंगा होतो आणि कळांमध्ये फटच राहत नाही. मी काकींचा हात धरते आणि ओरडते, मीपण आईसारखीच जाणार. नर्सबाई काहीतरी सांगत आहेत, माझ्या डोक्यात शिरत नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाळी येते. तुमची, पुऱ्या छातीची, भरल्या मोटेची. मी तिच्यात माझी मिसळते. तुम्ही एक, मी एक. माझी हाळी थांबली की तुमचा आवाज येतो, "माघारी, पोरी, सैल सोड." किती वेळ असं चाललं ते मला सांगता येणार नाही. गल्ली दारात जमली होती, बायामाणसांसमोर हवालदार हाळ्या देतोय म्हणून कुणी हसलं मात्र नाही. पोरगी आली ती आपल्या दोघांपेक्षा मोठ्यानं रडत आली. नर्सबाईंनी दार उघडलं. "हवालदार, मोट भरून आली."

आबा, तो दिवस मी जिंकले होते आणि तुम्हीही. तुम्ही वेशीपर्यंत साखर वाटलीत. पाचवीला सासूबाई आल्या. त्यांनी बाळंतिणीची खोली पाहिली, शेगडी पाहिली, दोरीवर वाळणारी दुपटी पाहिली, तुम्ही वळलेला अळिवाचा लाडू खाल्ला आणि विचारलं, गूळ किती घातलात? बाईमाणसाचा विषय त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

आता तुम्ही आहात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं, त्याचं कारण एकच. बारशाच्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन तुम्ही हळूच विचारलं होतंत, "त्या वक्ताला तुला आईची लय याद आली आसंल, न्हाई?" मी हो म्हटलं. तुम्ही डोळे पुसलेत आणि पुढे कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत राहिलात. तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण ते खोटं होतं, आबा. भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला, त्यानंतर मला आई एकदाही आठवली नाही.