थरथरत्या हँडलची हकिकत

प्रिय मेहुणेबुवांस,

नमस्कार, आणि वयाने मोठा असल्यामुळे वर थोडे आशीर्वादही. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझा तो भांडकुदळ शेजारी, तिघांच्याही प्रकृतीचं सविस्तर कळव. (सुरुवात अहो-जाहोने करणार होतो, पण तुला 'अहो' म्हटलं की माझं काहीतरी काम आहे हे तू लगेच ओळखतोस. काम काही नाही.) अक्षर जरा हललेलं दिसेल, ते मनावर घेऊ नकोस. आत्ताच मोटारसायकलवरून उतरलोय, हातातली थरथर अजून जिरलेली नाही. ज्या पेंटरने भर चौकात पुरुषभर उंचीची अक्षरं एका दमात ओढली, त्याच्या पत्राची ही दशा! पण दोष माझा नाही, हँडलचा आहे, आणि त्याचीच हकिकत सांगायला बसलोय. तुझी ताई आत्ताच चहा ठेवून गेली. अर्धा कप. हल्ली ती अर्धाच देते. विचारलं तर म्हणते, लागला तर परत घ्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाने चहा असा टप्प्याटप्प्याने प्यायचा का, तूच सांग.

तर झालं असं, की चष्मेवाल्याचा मुलगा घरी आला. त्याच्या वडिलांच्या दुकानाची पाटी आपण दोघांनी तीस वर्षांपूर्वी रंगवली होती, ती आता उन्हाने पार विटली. सगळ्या बाजारात छापील पाट्या लागल्यात, पण ह्याला वडिलांच्या वेळची होती तश्शीच हवीय, हाताने काढलेली, आणि माझ्याच हाताने. वर तो भलामोठा चष्माही हवा. आठवतात ना त्या चष्म्याची दोन गोल भिंगं? कंपास नाही, दोरी नाही, नुसत्या ब्रशने ओढली होती. खाली तू शिडी धरून उभा होतास आणि रस्त्यावरची माणसं माना वर करून थांबली होती. मी छाती फुगवून हो म्हणून टाकलं. (किती वर्षांनी कोणी विचारलं रे!) दुसऱ्याच दिवशी गाडी काढली, अर्ध्या तासात दुकान गाठलं आणि सहज म्हणून एका जुन्या पत्र्यावर एक भिंग ओढून बघितलं. बटाटा आला. दुसरं ओढलं, तर त्याहून वाकडा बटाटा. मुलगा भला, म्हणाला, काका, आज ऊन फार आहे. मी म्हटलं, ऊन नव्हे, ही गाडी! अर्धा तास हँडल धरलं की हातांना मुंग्या येतात, मग ब्रश कसा स्थिर राहणार? महिन्याची मुदत मागून घेतली आणि ठरवलं, आधी हँडल शांत करायचं, मगच पाटीला हात लावायचा. नाही जमलं तर तिथे छापील चष्मा लागेल, आणि त्या रस्त्याने मला पुन्हा जाववणार नाही.

पहिल्यांदा मुठींवर जाड स्पंज चढवला. छान मऊ लागला, पण एका पावसात तो असा भिजला की प्रत्येक वळणाला कोपरापर्यंत पाणी. मग कोणीतरी सांगितलं, हँडलची नळी पोकळ असते, तिच्यात वाळू भरा, थरथर आतल्या आत मरते. तुझ्या ताईची पिठाची चाळण घेऊन वाळू चाळली (ह्यावर घरात काय झालं ते लिहीत नाही), नळीत ठासली आणि टोकांना बुचं मारली. चौकात पोलिसासमोर नेमकं डावं बूच उडालं आणि सगळी वाळू बाहीत. पोलीस म्हणाला, बांधकामावर जाताय का? मग मेकॅनिकने हँडलच्या दोन्ही टोकांना शिशाची वजनं लावली. थरथर थोडी कमी झाली खरी, पण हँडल इतकं रुंद झालं, की घरी येताना आमच्याच फाटकात अडकलो. पुढे जाता येईना, मागे सरकता येईना. तुझी ताई दारात उभी राहून म्हणाली, राहा तिथेच, चहा तिकडेच आणते. आणला. अर्धा कप!

शेवटी मेकॅनिकने ती वजनं काढून कोपऱ्यात फेकली आणि गाडीखाली डोकं घातलं. मग म्हणाला, काका, इंजिन धरून ठेवायच्या जागी तुमच्याकडे बोल्टऐवजी लाकूड का आहे? ठोकून बाहेर काढलं, तर ब्रशचा दांडा! सहा नंबरचा! बाबा रे, माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. त्या चष्मेवाल्याच्याच पाटीला जाताना बोल्ट रस्त्यात पडला होता आणि तू ब्रशचा दांडा मोडून तिथे ठोकला होतास. 'काम उरकू, मग बोल्ट बसवू', असं म्हणाला होतास. तीस वर्षं मी तुझ्या ब्रशवर बसून फिरतोय, गाढवा!

आता तिथे नवा बोल्ट आहे, खाली नवं रबर आहे, आणि हँडल अगदी शांत. परवा मुद्दाम पूर्वीसारखा रंगाचा डबा हँडलला अडकवून एक चक्कर मारली. त्या काळी मी पुढे, तू मागे खांद्यावर शिडी घेऊन, आणि वळलो की लोक पटापटा खाली वाकायचे. पोहोचेपर्यंत रंग हलून हलून आपोआप ढवळलेला असायचा, कधी काडी घालावी लागली नाही. परवा डबा उघडला तर रंग तळाशी घट्ट बसलेला. एकट्याने काडीने ढवळत बसलो. तुझी फार आठवण आली. तू मनगटाखाली ती आधाराची काठी टेकवल्याशिवाय एक रेघ ओढायचा नाहीस आणि मी तुला 'म्हातारबा' म्हणायचो. तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास.

असो. गाडी ठीक, हात ठीक, पाटी ह्या आठवड्यात उरकतो. सवड झाली तर गाडी बघायला ये.

तुझा,
भाऊजी

ता. क. : गाडी हलत नाही तर अक्षर का हललं, असं तू विचारणारच. आत्ताच गाडीवरून उतरलो, हे खोटं. परवाच्या त्या चकरेनंतर ती झाकूनच ठेवलीय. बोल्ट बसवला त्या दिवशी मेकॅनिकने इंजिन चालू करून टाकीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, घ्या, आता तुम्हीच प्या. मी पेला उचलला आणि अर्धं पाणी सदऱ्यावर. तो बिचारा उगाच वाकून मागचं चाक बघत बसला.

आणखी एक : काम काही नाही म्हटलं होतं, पण आहे. ती तुझी काठी घेऊन ये. तिच्यावर हात टेकून जमतंय का बघतो. नाही जमलं तर भिंगं तू काढ, मी शिडी धरीन. गाडीही तूच चालव, मी मागे बसेन. तुझ्या ताईला ह्यातलं अक्षर बोलू नकोस. तिला कशाचाही पत्ता नाही.

*

चि. भावास आशीर्वाद. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून ह्या दोन ओळी. मला गेल्या थंडीपासून ठाऊक आहे. कप भरून दिला की तो बशीवर वाजतो, आणि वाजला की ह्यांचा चेहरा उतरतो. म्हणून अर्धा देते. मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. काठी विसरू नकोस.

ताई