भिंगरीचा टॉवेल

बुधवार

आणि सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, तर हेडबाई! आमची गाडी डोंगराच्या पायथ्याच्या धर्मशाळेशी थांबली, तर ही बाई व्हरांड्यातल्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसून चहा पीत होती, डोंगर जसा काही हिला आंदण मिळालाय. मी म्हटलं, काय हो, उडत आलात का? तर म्हणे, आम्ही वेळेवर निघतो. आमच्याच गल्लीतली बाई, मुख्याध्यापिका म्हणून शाळेतून निवृत्त झाली, पण शाळा काही तिच्या अंगातून निवृत्त झाली नाही.

तिचे यजमान बरोबर आहेत. मागल्या वर्षापर्यंत या माणसाचा आवाज आख्ख्या गल्लीने ऐकलाय. ताटं भिरकवायचा. मग हेडबाईने त्याला डोंगरावरच्या नवसाच्या तळ्यात बुडी मारायला लावली, आणि आता बघावं तर लोण्याचा गोळा. तिच्या मागे पिशवी धरून उभा असतो, हसतो, बोलत नाही. मघाशी तो बाकावरून उठला तर बाकावर ही एवढी ओल. हेडबाईने बोलणं न थांबवता पर्समधून फडकं काढलं आणि पुसून टाकलं.  म्हातारपणी होतं कुणाकुणाला.

तर हे तळं आमच्या सूनबाईच्या डोक्यात भरवलं हेडबाईनेच. का, तर आमची भिंगरी शहाणी व्हावी. माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. शाळेतून चिठ्ठ्या येतात, हिला चावली, तिला ढकललं. दोन्ही हातांत कायम काहीतरी धरलेलं, म्हणून दार उघडायचं ते लाथेनं. आणि मला म्हणते, ए म्हातारे! सूनबाईच्या कानाला आग लागते. मी म्हणते, काय गं भवाने? आणि आम्ही दोघी हसत सुटतो. मला ती आहे तशी पुरते. पण नवस सूनबाईचा, पोर सूनबाईची, मी कोण बोलणारी.

ही वहीसुद्धा भिंगरीचीच, अर्धी उरलेली. तुझं तोंड दुखत नाही तर हात तरी दुखू दे, म्हणाली, लिही. खोली छान आहे. गाद्या जाड, बादली फुटकी. मला फार म्हणजे फार मजा वाटतेय. माझा दादू म्हणतो, आई, तू तर सहलीला आल्यासारखी करतेस. मग काय रडू?

गुरुवार

खेचरावरून आले. त्याचा मालक तोच आमचा वाटाड्या. खेचर कड्याच्या अगदी कडेनेच चालतं, आतून भरपूर जागा असली तरी. हेडबाईसारखाच स्वभाव, दुसऱ्याचा जीव टांगणीला लावल्याशिवाय चैन नाही. ती मात्र खालीच राहिली. तिचं काम झालंय म्हणे.

वर एक दगडी खोली, पत्र्याचं छप्पर, शेगडी, एक दार, एक खिडकी. आणि समोर तळं. देवा, काय ते तळं! चारी बाजूंनी बर्फ आणि मधे निळं-काळं पाणी, सुरकुती नाही. मी हात जोडले तर डोळ्यांतून पाणीच आलं. तुझे आजोबा असते तर, असं भिंगरीला म्हणणार तोवर तिने एक दगड भिरकावून तळ्यावर तीन उड्या मारायला लावल्या. आईने पाठीत धपाटा घातला.

वाटाड्याने इथली रीत सांगितली. एकाने पाण्यात उतरायचं, त्याच्या घरच्याने कोरडं कापड घेऊन काठावर उभं राहायचं. बाहेर येणाऱ्याने आधी काठावरच्याला हाक मारायची. हाक आल्याशिवाय कापड अंगावर घालायचं नाही, मग समोरचं कितीही कुडकुडो. मी विचारलं, असं का रे बाबा? तर म्हणाला, बाहेर येतं ते दर वेळी आपलंच असतं असं नाही. आणि खेचराचा पट्टा आवळत बसला.

शुक्रवार

 राग आलाय, म्हणून लिहिते.

सकाळी उन्हात सगळे काठावर. भिंगरीचा पिवळा टॉवेल माझ्या हातात, कारण तिनेच सांगितलं, म्हातारी धरेल, आई खसाखसा पुसते. पोर उतरली, किंचाळली, नाक धरून बुडाली. आणि वर डोकी आली ती दोन. एक काठाशी, एक मागे, बरंच आत. दोन्हीकडे तीच वेणी. काठाशी होती ती चालत बाहेर आली. ओठ निळे, दोन्ही हात पुढे केलेले. गोड हसत होती. तोंडातून शब्द नाही. मी थांबले. हाक नव्हती ना आली! आणि सूनबाईने माझ्या हातातून टॉवेल हिसकला. गारठून मरेल पोर, बघत काय उभ्या राहिलात, असं माझ्यावर ओरडत तिने त्या पोरीला गुंडाळलं.

तेव्हा मागून आली हाक. ए म्हात—

एवढीच. मग पाणी.

मी बोंब मारली. दादू कमरेएवढा आत गेला, हात फिरवून आला, काही नाही. म्हणतो, आई, भिंगरी ही काय इथे उभी आहे. उंचीवर भास होतात, हवा पातळ असते. हवा पातळ! मी याला नऊ महिने पोटात वागवला, तो मला हवा शिकवतो.

 वाटाड्याने टोपी काढली.

शनिवार

खाली धर्मशाळेत. ती जी कोण आहे ती कपड्यांच्या घड्या घालते. दार हळू लोटते. वाढलं ते मुकाट खाते. मला आजी म्हणते. आजी, पाणी देऊ का. अंगावर काटा येतो माझ्या. केस अजून ओले आहेत. काल सकाळपासून उन्हात बसवलंय, शेगडीशी बसवलंय, वेणीतून थेंब गळतोच आहे. तिची उशी पिळली तर लोटाभर पाणी निघालं.

दादूला म्हटलं, अरे आपली पोर दाराला लाथ मारते, ही बघ कशी करते. तर म्हणतो, मग आई, त्यासाठीच तर आलो होतो ना आपण? असा समाधानाने हसला की एक ठेवून द्यावीशी वाटली.

हेडबाईला आडोशाला गाठलं. तुम्हाला माहीत होतं, म्हटलं. तिने नजर वळवली नाही. म्हणाली, मी त्यांच्याबरोबर तीस वर्षं काढली, तुम्ही एक आठवडा काढून बघायचा होता. मग हळूच म्हणाली, घरात फडकी जास्तीची ठेवा, लागतात. मी म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी, पण माझ्या पोरीने कुणाचं काय केलं होतं? त्यावर ती यजमानांची शाल सारखी करायला निघून गेली.

आणि सूनबाई. सूनबाईला कळलंय. मी खोलीत गेले तर ती जमिनीवरची छोटी छोटी ओली पावलं पुसत होती. अगदी हेडबाईसारखी. मी काही बोलायच्या आत तीच बोलली, खाली बघून. आई, काल ती पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली. जन्मात पहिल्यांदा. राहू द्या ना.

राहू द्या! कोंबडी बदलून आणलीय का बाजारातून? माझं डोकं असं फिरलं की मी फुटकी बादली उचलून भिंतीवर घातली. ती ओली पोर दारात उभी राहून बघत होती. मग येऊन तिने तुकडे गोळा केले.

रविवार

गाडी भरून तयार. मी बसले नाही. पिवळा टॉवेल मागून घेतला. त्या पोरीने लगेच दिला, घडी घालून. ओलाकच्च.

दादू म्हणाला, तमाशा करू नकोस. मी म्हटलं, अजून सुरूच कुठे केलाय. तो म्हणाला, रस्ता बंद व्हायला आलाय, राहायचं तर राहा इथेच. पोटचा मुलगा. गाडी गेली. मागच्या काचेतून ती मला हात हलवत होती. माझी असती तर जीभ काढून दाखवली असती.

वाटाड्याला म्हटलं, चढव मला वर. नाही नाही म्हणत चढवलं. वाटेत सांगत होता, की जिचं कापड दुसरीने पांघरलं तिला बाहेर येता येत नाही. कापड परत मिळालं आणि पुरतं वाळलं, तर येईल कदाचित. तसं कुणी केलंय का, विचारलं. तर म्हणाला, कापड परत मागायला अजून कुणी आलंच नाही. यावर मला जो संताप आला तो खेचरालासुद्धा कळला असावा. सरळ चाललं.

सोमवार

आहे! आहे माझी भवानी!

टॉवेल पिळून शेगडीवर टांगला आणि काठावर जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. ए भिंगरे, ए भवाने, तुझी म्हातारी आलीय, बोल ना आता, ए म्हातारे म्हण! घसा फुटेस्तोवर ओरडले. आणि मधोमध डोकं वर आलं, वेणी, आणि ए म्हातारे! खणखणीत! मी गुडघ्याएवढ्या पाण्यात नाचले. वाटाड्याने ओढून बाहेर काढलं. टॉवेल वाळू दे गं, म्हटलं, मग तुला कशी गुंडाळते बघ.

टॉवेलातून अजून पाणी गळतंय. गळू दे. मला दुसरं काम नाही.

मंगळवार

आज दोन डोकी. दोन्ही म्हणाली, ए म्हातारे.

सारखाच आवाज. एक माझी असणार. दुसरीला मी चांगल्या शिव्या घातल्या, पण कुठली दुसरी?

टॉवेल अर्धा वाळला.

बुधवार

मोजली नाहीत. तळंभर. बायका, बाप्ये, पोरं, सगळ्यांच्या तोंडी ए म्हातारे, ए म्हातारे. मीच शिकवलं. दोन दिवस काठावर उभी राहून मीच पाढे म्हटल्यासारखं शिकवलं मेल्यांना!

त्यात एक डोकं हेडबाईच्या यजमानांचं. खऱ्या यजमानांचं. तो एकटा रागाने ओरडत होता, बाकी सगळे गोड. त्याचा राग ऐकून इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, ओरडा हो, ओरडा.

वाटाड्या चालला. बर्फ येतोय. हात धरून ओढलं त्याने. मी त्याच्या हाताला चावले. भिंगरी कुणावर गेलीय ते कळलं आज.

गुरुवार

दुपारी दार वाजलं. हळू, बोटांनी.

पाचसहा जणी. ओल्या. आत आल्या, भिंतीशी ओळीने बसल्या, मांडी घालून. जमीनभर पाणी. माझ्या वयाची एक होती, तिने माझी चादर घडी करून ठेवली. फार गोड आहेत सगळ्या. आजी, कशा आहात. आजी, दमलात. टॉवेलकडे बघत होत्या.

मी फुंकणी उचलली. म्हटलं, चालत्या व्हा. तुमच्यातली एकही माझी नाही. माझी असती तर बोटांनी टकटक करत आली नसती, दाराला लाथ घालून आली असती, लाथ!

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. हसल्या.

म्हणाल्या, शनिवारी येतो, तिला घेऊन. तोवर टॉवेल वाळवून ठेवा.

दार हळू लावून गेल्या.

शुक्रवार

का बोलले मी ते लाथेचं. का बोलले—

तोंड आहे की काय आहे हे—

पण ती येईल. लाथेनेच येईल. तिची लाथ मला कळते, उजव्या पायाची, खालच्या फळीवर. कळते ना? कळायलाच पाहिजे. बर्फ खिडकीपर्यंत आला. टॉवेल कोपऱ्यात तेवढा ओला.

शनिवार

वाळला. पुरता वाळला. मांडीवर घेऊन बसलेय. उन्हाचा वास येतोय त्याला, तिच्या डोक्याचा पण.

आज येतो म्हणाल्या होत्या. शनिवारी.

खालच्या फळीवर लाथ! उजव्या पायाची! माझीच ती, माझी भवानी, उठते, आले गं—

अजून एक. मागच्या भिंतीला.

खिडकीला.

पत्र्यावर. सगळीकडून — ए म्हातारे — ए म्हातारे — अगं थांबा मेल्यांनो, एकेक, टॉवेल एकच आहे, माझ्या भिंगरीचा आहे तो, कुणी हात लावला तर—