दोनदा विचारणारी ओळ

जऊळका, मंगळवार, १६ नोव्हेंबर १९७६

सुट्टीवर आलो, पण डोकं मुंबईच्या कॉम्प्युटरपाशीच. भोकं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या यंत्राला आमचा प्रोग्राम "तयार आहेस का?" असं दोनदा विचारायचा. पहिलं उत्तर फेकून द्यायचा, दुसरं खरं मानायचा. दोनदा विचारणाऱ्या त्या ओळीशेजारी शेरा: 'ही ओळ काढू नये.' का, ते लिहिलेलं नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेला. मला पहिल्यापासून संशय, की चूक त्याचीच असणार आणि आळ घातला यंत्रावर. शिवाय ते जुनं यंत्र जाऊन आता नवं आलंय. शुक्रवारी मी ती ओळ काढली. वीस वेळा कार्डं घालून पाहिली, सगळी नीट वाचली. कुणाला सांगितलं मात्र नाही. का नाही सांगितलं?

आज तिकडे परीक्षेच्या निकालाची कार्डं घातली असतील. एखादं न वाचताच पुढे सरकलं, तर एका पोराचे मार्कच गेले. 'काढू नये.' अरे, पण का?

संध्याकाळी मायनं रेडिओ लावण्याआधी त्याला दोन थापट्या मारल्या. जुन्या रेडिओला त्या लागायच्या. हा तर मी दिवाळीत आणलेला.

"याले काहून मारतं, माय? नवा हाये हा."

मी तो बंद केला आणि न मारता लावून दाखवला. वाजला.

"आज वाजला," माय म्हणाली. "तू समोर हायेस म्हनून. तू गेल्यावर नाही वाजला त मी कोनाले इचारू?"

शुक्रवारी वीसही वेळा यंत्रासमोर मीच उभा होतो.