यादीतलं सातवं नाव

रविवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये आजाऱ्यांसाठीची प्रार्थना माझ्याकडे होती. पाळकसाहेबांनी दहा नावांची यादी कालच दिलेली. पण उद्या तोंडी परीक्षा, जर्नल अर्धं कोरं, आणि मैत्रीण फाटकाशी स्कूटी घेऊन थांबलेली. मी चारच नावं वाचली आणि म्हणून टाकलं, "आणि इतर सर्व आजारी जनांसाठी." मंडळी आमेन म्हणाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दारात रत्नामावशींनी हात धरला. कुंभारी गावाहून येतात त्या, कानानं अधू.

"बाळा, माझ्या शांतवनचं नाव घेतलंस न्हवं? मला काय ऐकूच आलं न्हाय."

शांतवन, त्यांचा मुलगा, यादीत सातवा होता.

"घेतलं की, मावशी." किती सहज म्हणाले मी. पाळकसाहेब तिथंच उभे होते, सगळे अजून अंगणात होते. मागं फिरून खरं सांगून पुन्हा प्रार्थना घेता आली असती. पण स्कूटी थांबली होती ना.

"उद्या ऑपरेशन हाय त्याचं. लई भ्यालाय," म्हणत त्यांनी पायरीवर बसूनच त्याला फोन लावला. मी स्कूटीवर बसेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. "सगळ्यांनी तुझं नाव घेतलं बघ. व्हय, सगळ्यांनी."

जर्नल पूर्ण झालं. यादी त्यातच आहे. 'इतर सर्व' म्हणजे सहा माणसं.

शांतवनसाठी आता तरी प्रार्थना करावी म्हणून दोनदा डोळे मिटले. पण आधी देवापुढे ते खोटं कबूल करावं लागेल, आणि तेवढंच अजून तोंडातून निघत नाही.