घोडा पाणी प्याला, याचा पुरावा

चि. विजयसिंह यास,

आक्काचे आशीर्वाद. आम्ही सर्व येथे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना टाळ असे मी दिवाळीत बजावले होते. धाकट्या भावाच्या धर्माप्रमाणे तू ऐकले नसशीलच. सौ. संयोगिताने पाठवलेले लोणचे पोचले. मीठ कमी आहे, तिला सांग. फोनवर तू ‘हं, हं’ करत पेपर वाचतोस (पाने उलटल्याचा आवाज मला येतो), म्हणून पत्र.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर तीन रस्ते मिळतात, तिथे आता नावाची पाटी लागणार आहे. कोल्हापुरात अशा जागेला तिकटी म्हणतात आणि आसपास कोणी लक्षात राहण्यासारखा माणूस असला की त्याचे नाव तिला आपोआप चिकटते. त्याला समिती लागत नाही. पण आमच्या कॉलनीत समिती आहे आणि आकारामभाऊ तिचे अध्यक्ष आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतिहास झाला आहे. रोज सकाळी ते रिकाम्या पोटी मोबाईलवरचे सामान्य ज्ञान घेतात. त्यातून त्यांना कळले की केळे उभ्याने खाऊ नये, चंद्रावरून पंचगंगा स्पष्ट दिसते आणि आमच्या कोपऱ्यावर एका राजाचा घोडा पाणी प्याला. म्हणून नाव अश्वतीर्थ चौक. (राजा कोणता ते अजून ठरलेले नाही. वर्गणी कुठून जमते यावर आहे.) पुरावा म्हणजे तिथल्या काळ्या दगडातला खळगा. तो म्हणे घोड्याचा खूर.

मी सभेत उभी राहिले. म्हटले, हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात खूर उमटायचा तर घोड्याला तो पातळ असतानाच पाय द्यावा लागेल, आणि तेव्हा पृथ्वीवर घोडा नव्हता, राजा तर दूरच. शिवाय खळगा आतून उखळासारखा गुळगुळीत आहे. कोणा बाईने तिथे जन्मभर मिरच्या कांडल्या असणार. (घोडा एकदा पाणी प्याला की तीर्थ, बाईने जन्मभर चटणी कांडली की खळगा.) यावर आकारामभाऊ शांतपणे म्हणाले, “म्याडम, घोडा प्याला न्हाई, ह्याचा पुरावा हाय का तुमच्याकडं?” सभेने टाळ्या वाजवल्या. मला बी.एस्सी.ला प्रथम वर्ग होता, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात असल्याचे दिसले नाही.

मग मी ठणकावले की नावे समितीत बनत नाहीत, लोकांच्या तोंडी बनतात. लोक काय म्हणतात ते विचारा आणि तेच पाटीवर लिहा! ठराव तत्काळ एकमताने मंजूर झाला. इतके एकमत आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरही झाले नव्हते. शंका तेव्हाच यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सगळी समिती कोपऱ्यावर हजर. पहिला सापडला लालासाब रिक्षावाला. या जागेला काय म्हणतोस, असे मी विचारले. तो रिक्षाच्या चाकाकडे बघत राहिला. “ऱ्हाऊ द्या की आक्का.” मी म्हटले, निर्भयपणे बोल. तो रिक्षाच्या पलीकडे गेला आणि तिथून म्हणाला, “कजाग बाईची तिकटी.” भाजीवाल्या विठाबाईने तर कोणी विचारण्याआधीच दुजोरा दिला. घरी येऊन मी स्नेहलला जाब विचारला. माझी सून ती, बिचकेल कशाला? “आई, पार्सलच्या पत्त्यात मी तेच घालते की. एकदा बी चुकलं न्हाई.” म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा कजाग बाईच्या तिकटीवरून आत आला आहे.

आता तूच सांग, मी काय करते? कचरा टाकणाऱ्याला तो परत उचलायला लावते. उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला थांबवून जडत्व म्हणजे काय ते विचारते, आणि उत्तर येईपर्यंत किल्ली माझ्याकडे ठेवते. यात कजागपणा कुठला? (तिथे कचऱ्याचा ढीग होता तेव्हा त्या जागेला नाव द्यायचे कोणाला सुचले नव्हते.)

पाटी रविवारनंतर रंगवायला जाईल. आकारामभाऊ भेटले की हात जोडतात. “ठराव तुमचाच हाय, म्याडम.” असो. माझी तत्त्वे तुला ठाऊक आहेत. आपल्या सोयीसाठी इतिहासात भेसळ करणाऱ्यांतली मी नव्हे. सत्य ते सत्य, मग ते पाटीवर का जाईना.

तुझी,
आक्का

ता. क. तू इतिहासाचा प्राध्यापक होतास. नाव छापलेले कागद शिल्लक असतील. त्यावर दोन ओळी लिहून दे की या भागातून पूर्वी घोडे जात असत आणि घोड्यांना तहान लागते. यात खोटे काहीच नाही.

ता. क. लाव्हाचे मी सांभाळून घेते.

ता. क. कागद कुरियरने पाठव. रविवारच्या आत तो पोचलाच पाहिजे, तेव्हा पत्त्यात घराच्या क्रमांकावर विसंबू नकोस. काय घालायचे ते तुला वर कळले आहेच.