तीन पैलवान आणि एक नळी

१० नोव्हेंबर, सोमवार
घरच्या कॉम्प्युटरवर लाल खिडकी आली. व्हायरस आहे म्हणे. दीक्षा लगेच म्हणाली, समोरच्या राजवर्धन भावजींना बोलवूया. का? नवरा मेला काय? कारखान्याच्या टाइम ऑफिसात इतकी वर्षं मी कॉम्प्युटरसमोरच बसतोय. राजवर्धन पुण्याच्या कंपनीचं काम घरात बर्म्युडा घालून करतो, एवढाच फरक.
निश्चय: अँटीव्हायरस मी निवडणार. तोही फ्री. रविवारच्या आत, कारण रविवारी दीक्षा ब्लाऊज कटिंगचा पहिला ऑनलाइन क्लास घेणार आहे.

११ नोव्हेंबर, सकाळी
इंटरनेटवर शोधलं. प्रत्येक साइटचा पहिला नंबर वेगळा. सखोल तुलना आवश्यक.

संध्याकाळी
तुलना झाली. ज्याच्यावर ढालीचं चित्र होतं तो टाकला. दीक्षाने जिन्यात राजवर्धनला सांगितलं तर तो हसला म्हणे. जळतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ढालवाला दर थोड्या वेळाने प्रीमियम घ्या म्हणून मागे लागतो. घेणार नाही.
आज मटण. दीक्षाने समोर वाटीभर तांबडा रस्सा पाठवला. वाटीत नळी होती. या घरातली नळी लग्नापासून माझ्या ताटात पडते. मला हेवा वगैरे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ नोव्हेंबर
रात्री झोप नाही, पण आयडिया आली. तालमीत कधी एकच पैलवान असतो का? आणखी दोन अँटीव्हायरस टाकले. एकाच्या हातून सुटला तर दुसरा धरेल, दुसऱ्याच्या सुटला तर तिसरा. हे राजवर्धनला सुचलं नसतं. तो तालमीत गेलेला नाही. मी गेलोय. पोट सुटल्यावर सोडली, ती गोष्ट वेगळी.

१४ नोव्हेंबर
कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. बंदोबस्त म्हटलं की वेळ लागणारच. दुसऱ्याने पहिल्याला व्हायरस समजून पकडलं, पहिल्याने तिसऱ्याला. तिघेही सावध आहेत, समाधान वाटलं.
दीक्षाने विचारलं, क्लास होईल ना? शब्द दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
राजवर्धन स्वतः आला. काही मदत लागली तर सांगा म्हणाला. मी दारातूनच वाटेला लावत होतो, तेवढ्यात दीक्षाने आत बसवून चहा दिला. आलं घातलेला. मला शेवटचा आल्याचा चहा सर्दी झाली तेव्हा मिळाला होता.
उद्या कळेल सगळ्यांना.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्लासच्या वेळेला बायका ऑनलाइन जमल्या आणि आमचा कॅमेरा काळा. एका पैलवानाने दीक्षालाच घुसखोर ठरवून कॅमेरा बंद केला होता. मी त्याला थांबवायला गेलो, तर बाकीचे दोघे मध्ये पडले. मग कॉम्प्युटरच चितपट.
दीक्षाने कात्री, टेप, अस्तर उचललं आणि समोर गेली. क्लास राजवर्धनच्या लॅपटॉपवर झाला. मी त्यांच्या दाराबाहेर उभा राहून ऐकला. फार छान शिकवते. मला माहीत नव्हतं. त्याला आता माहीत झालं.

दुपारी
राजवर्धनने तिन्ही पैलवान काढून टाकले. लाल खिडकी ही नुसती फसवी जाहिरात होती. अँटीव्हायरस कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासूनच होता, फुकट. मी बाहेरचे आणल्यावर तो बिचारा गप्प बसला होता.
दीक्षाला हे सोमवारीच ठाऊक होतं. मग मला का सांगितलं नाही, विचारलं.
"भावजींनी सांगितलंतं की, काय टाकायची गरज न्हाय म्हणून," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढं मन लावून बसला हुता. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

राजवर्धनला जेवायला थांबवलं. मटणच. नळी डावात घेऊन दीक्षा त्याच्या ताटाकडे वळली, तसा त्याने ताटावर हात धरला.
"वैनी, नळी दादांस्नी वाढा. आठवडाभर लई राबल्यात."
माझ्याच घरात माझी नळी मला त्याने देवविली. पानावरून उठून जाणार होतो.
चांगली शिजली होती.