घंटीतली चिंधी

गेवराई,
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
भागवतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्याला 'बरं बरं' म्हणता आणि ऐकलेलं काहीच नसतं, हे शेजारच्या ऋतुजाने सांगितलं. म्हणून पत्र. कान जाऊन चार वर्षं झाली, मशीन आणून दिली तर ती तुम्ही ट्रंकेत ठेवलीत.

बाबा, मी लई थकलोय. तेरा महिन्यांत तीन म्हाताऱ्या गेल्या. तिघी एकट्याच शेळ्या चारायच्या, तिघी विहिरीत सापडल्या, तिघींच्या हातातले चांदीचे गोट गायब. तीन वेगळी ठाणी, पण नोंद एकच: अकस्मात मृत्यू. साहेबांना म्हणालो, तिन्ही कागद एकत्र मागवा, हा एकाच माणसाचा हात आहे. ते म्हणाले, खुनाचा गुन्हा दाखल असेल तरच मागवता येतात. आणि खुनाचा गुन्हा दाखल कधी होईल? तर कागद एकत्र बघितल्यावर! कपाळ माझं.

ओळखीच्या जमादारांनी मला पंचनामे फोनवर वाचून दाखवले. तिन्हींत म्होरक्या शेळीच्या घंटीत चिंधी कोंबलेली होती. पंच म्हणतात, बाई दुसऱ्याच्या रानात चोरून चारत असेल. पण चकलांब्याची जाईबाई तर स्वतःच्या पडिकात गेलती. हवालदाराला कळत नाही, धनगराला कळत असेल तर सांगा.

आत्याला नमस्कार. तिच्या हातच्या ठेच्याची आठवण येते.

तुमचा लेक,
भागवत


लिंबागणेश,
८ नोव्हेंबर

चि. भागवतास,
आश्रुबाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. ती मशीन कानात खरखर करती, तिचं नाव काढू नको.

पंच खोटं बोलले न्हाईत. दुसऱ्याच्या जवारीत शिरायचं असलं की आमी घंटीत चिंधी कोंबतो. म्या बी कोंबलीय, आता लेक पोलीस हाय तर धर म्हनावं बापाला. पन आपल्याच रानात कोन कावून कोंबंल? शेळ्या बुजल्या की घंटी ठणाणा वाजती अन् लोकं धावतात. ज्याला लोकं नको व्हते, त्यानं ती आधीच बंद केली.

दुसरं सांगतो. म्होरकी शेळी परक्याला गळ्याला हात लावू देत न्हाई. हा शेळ्यांच्या वळखीचा हाय, हातावर मका घेऊन येनारा. मानसांना इचारू नको, शेळ्या कुनाला वळखतात ते इचार.

तुझ्या आत्याला, कडूबाईला म्हनलं, गोट काढून ठेव. म्हनती हात सुजलेत, निघत न्हाईत. साफ खोटं. वर म्हनती, मला हात लावंल त्याचाच पंचनामा करावा लागंल.

जेवनाची आबाळ करू नको. डोक्यावर हात हाय.
आश्रुबा


गेवराई,
१४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न.

माणूस सापडला, पण धरता येत नाही. सोमनाथ नावाचा, शेळ्यांना लस टोचणारा एक खाजगी माणूस मोटारसायकलवर गावोगाव फिरतो. खिशात मका असतो. तिन्ही गावांत तो आठवडाभर आधी गेलता.

अर्ज केला. परत आला. विषयाच्या ओळीत 'खून' लिहिलंय आणि तो शब्द नोंदीत नाही म्हणे. शब्द बदलला, तरी परत आला, अकस्मात मृत्यूत संशयित नसतो म्हणे. साहेब म्हणाले, शेळीची साक्ष कोर्टात चालत नाही, आणि सगळी खोली हसली. निवडणूक झाल्यावर बघू. मला मतदानयंत्रांच्या खोलीवर पहाऱ्याला बसवलंय. रजा बंद आहे.

त्याचा पुढचा फेरा आपल्या गावचा आहे. ऋतुजाला फोन केलाच आहे, तरी लिहितो. आत्याला एकटी सोडू नका. आई गेली तेव्हा मी दीड वर्षांचा होतो. मला आई म्हटलं की तीच दिसते, बाबा.

तिला सांभाळा, एवढंच मागतो.
भागवत


लिंबागणेश,
३ डिसेंबर

चि. भागवता,

तू आत्याच्या मातीला आलतास तवा मला तोंड उघडता आलं न्हाई. आता लिहितो, मंग तू काय म्हनायचं ते म्हन.

तू सांगितलं तसं म्या रोज तिच्यासंगं जात व्हतो. डोंगराच्या दोन अंगाला दोघं, चाळीस वर्सं तसंच चारतोय. त्या मंगळवारी चढताना ती म्हनली, घंटी वाजती तवर मी हाय, घोर करू नको. तिच्या ओठांवरून कळलं. म्या मान हलवली. मला कान न्हाईत हे तिच्या ध्यानात न्हाई आलं. माझ्या बी न्हाई आलं. ती कायम तेच म्हनायची अन् म्या कायम मान हलवायचो.

दुपारी म्होरकी कड्यावर दिसली. गळ्यातली घंटी हलत व्हती. हलती म्हंजे वाजती, असं समजून म्या भाकर सोडली, कांदा फोडला. शेळी जवळ आली, गळ्याला हात घातला तर चिंधी. पळालो. कडूबाई तलावात व्हती. लोकांनी सोमनाथाला रस्त्यावर धरला, खिशात मका अन् तिचे गोट. निघत व्हते रे ते गोट.

ती तिकडं मरत व्हती अन् म्या जेवत व्हतो, भागवता.

पोलिसांनी घंटी नेली. ती तिनं बाजारातून पारखून आनलती. तेवढी परत मिळवून दे. मला ऐकू येत न्हाई, पन शेळ्या तिच्याबिगर वाड्याबाहेर निघंनात.

आश्रुबा


गेवराई,
११ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न.

जिल्ह्याचा आदेश आला. तिन्ही कागद एकत्र करायला मंजुरी मिळाली. विषयाच्या ओळीत 'खून' हा शब्द त्यांनीच टाइप केलाय आणि वर 'तातडीचे' असा शिक्का मारलाय. तो शब्द त्यांना आत्याने मिळवून दिला.

जेवत होतो असं पुन्हा लिहू नका. तुम्ही निदान डोंगरावर होतात. मी सगळं माहीत असून एका कुलपासमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

घंटी मिळणार नाही. लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या कपाटात ठेवलीय, निकाल लागेपर्यंत. मी कारकुनाला म्हणालो, घंटी राहू द्या, चिंधी तेवढी काढू द्या, तिचा जीव गुदमरत असेल. तो बिचारा खाली बघत म्हणाला, हवालदार, ती चिंधी हाच तर पुरावा आहे.

रविवारी नवी घंटी घेऊन येतो. ट्रंकेतली मशीन काढून ठेवा, खरखर करू दे. शेळ्या घेऊन आपण दोघं जाऊ. एकाच अंगाला बसू.

माया आहे तशीच राहू द्या.
भागवत